आखूड पडद्यांचे दिवस

मास्तर रजेवर गेले त्याच दिवशी ताईने फर्मान काढलं. मास्तरांना फोन करायचा नाही. कापड कमी पडो, मशीन बंद पडो, गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंबलो, फोन करायचा नाही म्हणजे नाही. जो करेल त्याने पुढे महिनाभर सगळ्यांचा चहा करायचा, वर कपही विसळायचे.

"आणि आग लागली तर?" शिडीवाल्याने विचारलं.

"तर बंबवाल्यांना कर. मास्तर काय बादली घेऊन धावत येणार आहेत?"

पडद्यांचा तो कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका भिंतीला कापडाचे तागे, मधोमध कापायचं मोठं टेबल, खिडकीपाशी शिलाईची मशीनं आणि कोपऱ्यात पडद्यांच्या दांड्यांचा ढीग. ताई तिथली मॅनेजर. हुद्दा मॅनेजरचा, पण हाक ताईचीच, कारण त्याच खिडकीपाशी मशीन चालवत ती वर चढली होती. आता तिच्या मशीनवर मावशी बसायची. मावशीची जीभ आणि मशीन एकाच वेगाने चालायची, आणि दोन्हींना तेल घालावं लागत नसे. शिडीवाला लोकांच्या घरी जाऊन दांड्या ठोकायचा आणि पडदे टांगायचा. आणि मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि कापड कापायचं, ही दोन्ही कामं त्यांची. गळ्यात कापडी टेप, टेबलामागच्या हुकाला मोठी कात्री. ती कात्री दुसऱ्या कुणी हातात घ्यायची नाही आणि तिने कापडाशिवाय काही कापायचं नाही, हा धंद्याचा नेम. मास्तर तो अगदी कसोशीने पाळायचे.

मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. घरात दोघंच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताई दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा काकूंनी तिचा हात घट्ट धरला होता. "बाई गं, एवढं कर. मी माझ्या पायांनी जिना उतरून खाली येईन, तोवर मास्तर माझा. त्याला बोलावू नकोस. तू बोलावलंस तर तो येईल, आणि मी पलंगावर नुसती छताकडे बघत पडेन."

"शब्द दिला," ताई म्हणाली.

आणि तो तिने उगाच दिला नव्हता. कधीकाळी तिचे वडील आजारी असताना तीही रजेवर होती. तेव्हाचा मॅनेजर दिवसातून चारचारदा फोन करायचा. निळं रीळ कुठंय, अस्तराचं कापड कुठंय. शेवटी वडीलच वैतागून म्हणाले होते, "सांग त्याला, निळं रीळ माझ्या उशाखाली आहे, येऊन घेऊन जा म्हणावं!" तेव्हापासून ताईने मनाशी पक्कं केलं होतं की आपल्या हाताखालचं माणूस रजेवर गेलं की त्याला रजा म्हणजे रजाच मिळेल.

मास्तर मोठे शिस्तीचे. जाण्याआधी त्यांनी पुढच्या सगळ्या घरांच्या खिडक्या मापल्या, आकडे भिंतीवरच्या फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, "आता नुसतं कापायचं. लहान मूलसुद्धा कापेल." मग पिशवी उचलली आणि गेले. गळ्यातला टेप गळ्यातच राहिला. कपाळावर चढवलेल्या चष्म्याइतकं त्याचं भान त्यांना उरलं होतं. दवाखान्यात म्हणे नर्सने विचारलं, "तुम्ही पेशंटची उंची घ्यायला आलात का?"

कापायचं काम ताईने स्वतःकडे घेतलं. कपाटातून नवा कोरा टेप काढला, आपली जुनी कात्री काढली, फळ्यावरचा आकडा दोनदा वाचून कापड कापलं. मावशीने शिवलं, शिडीवाल्याने टांगलं. पहिले पडदे गेले दातांच्या डॉक्टरांकडे.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर स्वतः कारखान्यात हजर.

"तुमचा पडदा खिडकीला पुरत नाही," ते म्हणाले. "खाली चार बोटं फट राहतेय. आणि माझी खुर्ची नेमकी त्या फटीच्या उंचीला आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला बाकी काही दिसत नाही, पेशंटचं आ वासलेलं तोंड तेवढं दिसतं. काल एक पोरगं तिथं उभं राहून दात मोजत होतं!"

मावशी मशीनवर डोकं टेकवून हसायला लागली. ताईने तिला डोळ्यांनी दटावलं, डॉक्टरांची माफी मागितली, पडदे परत आणायला सांगितले आणि फळा पुन्हा वाचला. आकडा बरोबर. पडदा मापला. बरोबर. मग आखूड कसा?

पुढचा पडदा आखूड. त्याच्या पुढचाही आखूड. आणि मग कारखान्यात जी जुंपली, ती विचारता सोय नाही.

"कापडच आटतंय," मावशी म्हणाली. "हवाच तशी आहे."

"हवेने कापड आटतं? मग तुझी जीभ कशी आटली नाही?" शिडीवाला म्हणाला.

"तू दांडी वर ठोकतोयस मेल्या! मास्तर नसले की तुला आभाळाला हात लावायचा असतो."

शिडीवाल्याला ते फार लागलं. तो तरातरा गेला आणि एका घरातली दांडी चार बोटं खाली ठोकून आला. आता पडदा खाली बरोबर टेकला, पण वरून ऊन सरळ घरमालकाच्या डोळ्यांत. तोही पडदा परत आला.

ताई वरवर हसत होती, पण आतून खचत चालली होती. इतक्या वर्षांची शिलाईबाई, आणि आपल्याला सरळ कापड कापता येत नाही? एका दुपारी तिने फोन हातात घेतलासुद्धा. मास्तरांचा नंबर काढला. मग काकूंचा हात आठवला, आणि तिने फोन गल्ल्यात टाकून गल्ल्याला कुलूप लावलं.

त्यातच परगावी राहणाऱ्या मालकांचा फोन आला. "तक्रारी फार येताहेत म्हणे. दुसरा कटर बघ. मास्तरांचं आता वय झालं, घरी अडचण आहे, राहू देत घरीच."

"बघते," ताई म्हणाली. ती बघणार नव्हती, पण तोंडावर नाही म्हणायचं धाडसही झालं नाही, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

मास्तरांना फोन करायची बंदी होती. पण मास्तरांनी फोन करायला बंदी नव्हती. ते रोज संध्याकाळी करायचे.

"ताई, काही अडलंय का?"

समोर आखूड पडद्यांचा ढीग. ताई त्याच्याकडे पाठ करायची आणि आवाजात होता नव्हता तेवढा आनंद ओतायची. "छे हो मास्तर! सगळं झकास चाललंय. तुम्ही बिलकुल काळजी करू नका. हवी तर रजा वाढवून घ्या!"

"डॉक्टरांचे पडदे बसले?"

"बसले की! खूश आहेत एकदम."

"बरं," मास्तर म्हणायचे. हे 'बरं' दिवसेंदिवस बारीक होत गेलं. ताईला वाटलं, दमत असतील बिचारे, घरचं सगळं करायचं म्हणजे काय. तिने सगळ्यांना बजावून ठेवलं की कुणालाही मास्तर रस्त्यात भेटले तर एकच उत्तर, झकास. मावशी तर एक पाऊल पुढे गेली. औषधाच्या दुकानात मास्तर भेटले तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुमची तर आठवणसुद्धा येत नाही!" आणि आपण माणसाला किती धीर दिला, हे तिने परत येऊन कौतुकाने सांगितलं.

मध्ये आणखी एक झालं. शिडीवाल्याला एक खोकं उघडायचं होतं आणि त्याने सरळ हात लांब करून हुकावरची मास्तरांची कात्री काढली. ताई एवढ्या मोठ्याने किंचाळली की त्याच्या हातून खोकं पडलं. "त्या कात्रीने पुठ्ठा कापणार? मास्तर आल्यावर तुझे कान कापतील तिने!" पुन्हा कुणाची बुद्धी फिरायला नको म्हणून ताईने कात्री मऊ कापडाच्या तुकड्यात गुंडाळली, आपल्या कपाटात ठेवली आणि चावी कमरेला खोचली.

मग एका सकाळी काकूंचा फोन आला.

"तुझा मास्तर निघालाय तिकडे," काकू म्हणाल्या. आवाज पडून बोलणाऱ्या माणसाचा, पण ठसका शाबूत. "काय सांगितलंस गं तू त्याला?"

"मी? मी काही नाही सांगितलं काकू! उलट रोज सांगतेय की सगळं झकास आहे."

"तेच ते! आठवडा झाला, त्याला झोप नाही. म्हणतो, माझ्यावाचून त्यांचं उत्तम चाललंय. काल गोळ्या आणायला गेला तर कारखान्यात डोकावला. म्हणतो, माझ्या टेबलावर ताई उभी होती, सगळी हसत होती आणि माझा हुक रिकामा होता. कात्रीसुद्धा काढून टाकली म्हणतो. बाई, मणका माझा मोडलाय, पण वाकलाय तो."

ताईचा हात कमरेच्या चावीवर गेला.

"आणि घरी तर उच्छाद मांडलाय," काकूंची गाडी सुरूच होती. "पलंगापासून न्हाणीघरापर्यंत टेप लावून बसतो. उशीची उंची मापतो. काल सूप केलं, तर भांड्यात टेप बुडवून किती आटलं ते बघत होता! मला अजून उठवून बसवावं लागतं गं. शेजारीण बसलीय आता, पण दुपारी ती कामावर जाणार. मला तुझं झकास नको, मास्तर परत पाठव."

ताईने फोन ठेवला आणि दारात मास्तर उभे. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा सदरा, गळ्यात टेप. शाळेच्या पहिल्या दिवशी मूल उभं राहतं तसे उभे होते.

"तुमच्या काकूंना आता बरंच बरं आहे," ते म्हणाले. नजर मात्र हुकाकडे. "रुजू होतो म्हटलं. म्हणजे, जागा असली तर."

मावशीचं मशीन थांबलं. शिडीवाल्याने तोंड उघडलं, "झकास—"

"गप!" ताई म्हणाली. "झकास बिकास काही नाही. मास्तर, इकडे या." आणि तिने टेबलाखालून आखूड पडद्यांचा ढीग ओढून बाहेर काढला.

"हे काय?"

"आखूड झालेले पडदे."

"सगळे?"

"सगळे. डॉक्टरांचेही. रोज तुम्हाला थापा मारत होते मी."

"कुणी कापले?"

"मी."

"अरेरे," मास्तर म्हणाले, पण चेहरा असा काही खुलला की त्या अरेरेला अर्थच उरला नाही. पाठ ताठ झाली. बाह्या वर गेल्या. एक पडदा टेबलावर पसरून त्यांनी गळ्यातला टेप खस्सकन ओढला, लावला आणि फळ्याकडे बोट केलं. "हे बघा! आकड्याला कमी आहे. आखूडच कापलंय तुम्ही."

"अजिबात नाही!" आता ताईही पेटली. इतक्या दिवसांचा राग होता तो. तिने आपला नवा टेप लावला. "हे बघा. आकड्याला बरोब्बर!"

"दाखवा!"

"तुम्ही दाखवा!"

"अहो, भांडताय कशाला?" मावशी उठून आली. "दोन्ही टेप एकमेकांशेजारी ठेवा की!"

ठेवले. एका टोकाला दोन्ही जुळवले आणि ताईने हाताने सपाट करत करत दुसऱ्या टोकापर्यंत नेले. मास्तरांचा टेप नव्या टेपाच्या पुढे चांगला दोन बोटं सरकून थांबला.

 मास्तरांनी टेप उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा जुळवला. दोन बोटं ती दोन बोटंच. इतकी वर्षं गळ्यात, हातात, घामात ओढून ओढून टेप सैल पडला होता. लांब पडद्याला टेप दोनदा लावायचा, की झाली चार बोटं. ज्या फटीतून सगळं गाव दात मोजत होतं, ती फट हीच.

मास्तर स्टुलावर बसले. "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं मापत होतो?"

"मापत होता," ताई म्हणाली, "आणि कापतही त्याच टेपाने होता. म्हणून तुमचा एक पडदा कधी आखूड झाला नाही. मापलं तुमच्या टेपाने आणि कापलं माझ्या, तिथं आमची वाट लागली." ती त्यांच्यासमोर खाली बसली. "मास्तर, मी तुम्हाला जपायला गेले आणि तुमचं काळीजच कापलं. तुमच्यावाचून आमचं काही झकास नाही. रोज तुमची आठवण निघते. रोज शिव्यांसकट निघते."

"माझी कात्री..." मास्तर हळूच म्हणाले.

ताईने कमरेची चावी काढली, कपाट उघडलं आणि कापडात गुंडाळलेली कात्री त्यांच्या हातात ठेवली. मास्तरांनी ती उलगडली. पात्यावरून अंगठा फिरवला. मग डोळे पुसले, आणि ते कुणी पाहिलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

"हा पुठ्ठा कापायला निघाला होता," मावशीने शिडीवाल्याकडे बोट दाखवलं. "म्हणून कुलपात."

"पुठ्ठा?" मास्तर गरजले, आणि आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मास्तरांसारखा वाटला.

"लावते ती पुन्हा हुकाला," ताई म्हणाली. "कुणी हात लावणार नाही. आता तुम्ही घरी जा."

"घरी? आणि हे पडदे?"

"आम्ही निस्तरू. खाली वेगळ्या रंगाची पट्टी जोडू, लोकांना वाटेल फॅशन आहे. काकू जिना उतरेपर्यंत तुम्ही इथं दिसलात तर मी शिडीवाल्याला पुठ्ठा कापायला सांगेन."

मास्तर उठेनात. त्यांच्या मनातली जागेची धास्ती ताईला कळली. तिने गल्ल्यातून फोन काढला आणि त्यांच्यासमोरच मालकांना लावला.

"मालक, ते दुसऱ्या कटरचं मी बघणार नाही. हो. त्या दिवशी बघते म्हणाले ते चुकलं माझं. मास्तरांची जागा मास्तरांची आहे... काम? अडेल की. थोडं अडेल. माणसाच्या घरी आजारपण आहे, तर आपलं थोडं अडलं म्हणून बिघडलं कुठं? गिऱ्हाइकांशी मी बोलते... नाही मालक, चूक सापडली. टेपाची होती. हो, टेपाची! येऊन बघा." तिने फोन ठेवला. "हो म्हणाले," ती म्हणाली. "कुरकुरत म्हणाले, पण म्हणाले."

मास्तर निघाले. दारापर्यंत गेले, तेवढ्यात ताई ओरडली, "थांबा! टेप!"

फळ्यावरचे सगळे आकडे त्या टेपाचे होते. तो असला तर पुढचे पडदे बरोबर होणार होते. मास्तरांनी गळ्यातून टेप काढला, एकदा हातावर तोलला आणि ताईच्या गळ्यात घातला. टेपाविना त्यांचा गळा ओका ओका दिसत होता.

"फार ओढू नका," ते म्हणाले.

त्यानंतर फर्मान बदललं. दर शनिवारी ताई स्वतः मास्तरांना फोन करायची, आणि काम सांगायला नाही, तर गाऱ्हाणं घालायला. मावशीने पडद्याला उलटी बाजू कशी शिवली, शिडीवाला कुणाच्या अंगणात शिडीसकट कसा आडवा झाला, सगळं खरं खरं. मास्तर पोटभर हसायचे, "गाढव आहात सगळे!" म्हणायचे आणि शांत झोपायचे. टेप गेल्यापासून सूपही बरं होतं, असं काकूंनी कळवलं. डॉक्टरांना पट्टीवाले पडदे इतके आवडले की त्यांनी घरासाठीही सांगितले.

आणि मग एका सकाळी काकूंचा निरोप आला, आज उतरणार. कारखान्याला कुलूप लावून तिघंही मास्तरांच्या जिन्याखाली जाऊन उभी राहिली. वरून काकू निघाल्या. एक हात कठड्यावर, एक पाऊल, मग दुसरं. मागे मास्तर, दोन्ही हात पुढे केलेले, पण काकूंना कुठेही न लागलेले. काकूंनी तशी ताकीदच दिली होती. मध्येच काकू थांबल्या. मावशीने श्वास रोखला, आणि तिची जीभ थांबलेली सगळ्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मग पुन्हा पाऊल, पुन्हा पाऊल, आणि काकू खाली फरशीवर.

घामाघूम झाल्या होत्या, पण डोळे चमकत होते. त्यांनी मागे वळून मास्तरांचा हात धरला, पुढे ओढला आणि ताईच्या हातात दिला.

"घे बाई तुझा मास्तर. परत केला," काकू म्हणाल्या. मग ताईच्या गळ्यातला तो जुना टेप त्यांना दिसला. तो काढून त्यांनी मास्तरांच्या गळ्यात घातला. "पण बाई, याला जपून वापर हो. फार ताणलास की टेपासारखा सैल पडतो, आणि मग घरभर मापं घेत सुटतो."

ताईला हसू आणि रडू एकदमच आलं. शिडीवाल्याने वरून खुर्ची आणली, काकूंना बसवलं, आणि मास्तर वर चहा टाकायला गेले.